भिंतीपलीकडची घरघर

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. घाईने माझे दार उघडून खायला काय आहे ते पाहू नका. माझ्या पोटात जे जे राहून गेले ते कळले, तर तुमची भूक मेलीच म्हणून समजा. सध्या मी पोलीस मुख्यालयाच्या एका लांब व्हरांड्यात उभा आहे. माझ्या कप्प्यांत कोरे कागद, लाखेच्या कांड्या आणि कुणाची तरी विसरलेली छत्री असते. येणारे-जाणारे मला कपाट समजतात. समजोत बापडे! पण एके काळी माझ्या थंडाव्यावर एका तरुण मुलाचे आयुष्य टांगलेले होते, आणि एका भर दुपारी तो थंडावा मला टिकवता येईना. आज तीच हकिकत सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे अंग घडवले, पाठीवर काळी जाळी बसवली आणि पोटाखाली कॉम्प्रेसर दिला. कॉम्प्रेसर म्हणजे माझे काळीज. ते आतली उष्णता गोळा करते आणि जाळीतून बाहेर टाकते. म्हणून माझ्या पाठीमागे मोकळी हवा लागते. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला.

कारखान्यातून निघताना वाटले होते की एखाद्या घरी जाऊ, मुले माझ्या दारावर चित्रे चिकटवतील. नशिबी आले पोलिसांचे कॅन्टीन. तिथे माझ्यात दूध, लिंबे आणि पाण्याच्या बाटल्या असत. हवालदार मंडळी दार उघडत हाताने आणि लावत पायाने. तरी मी निमूटपणे काम करत राहिलो. मग एक दिवस काचेच्या दाराचा, आत दिवे लागणारा नवा फ्रिज आला. त्याच्या पोटातले सगळे बाहेरूनच दिसायचे. असा उघड्यावरचा संसार मला तरी आवडला नसता, पण लोक त्याच्याकडे बघतच राहिले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला भंगारवाला उचलणार होता.

भंगारवाल्याच्या आधी कुलूपमामा आले. हे एक वयस्कर हवालदार. कुलूप लावल्यावर ते ओढून बघत, चार पावले जात आणि पुन्हा येऊन ओढून बघत, म्हणून सगळे त्यांना कुलूपमामा म्हणत. त्यांच्याकडे मुद्देमालाची खोली होती. गुन्ह्याच्या जागी जी वस्तू सापडते ती मुद्देमाल, आणि खटला संपेपर्यंत ती जशीच्या तशी जपून ठेवायची असते. त्या खोलीत सायकली होत्या, काठ्या होत्या, फुटके मोबाईल होते. त्यांना उन्हाळा काय नि हिवाळा काय, सारखेच. पण काही पुरावे माणसाच्या अंगातून आलेले असतात. रक्त, थुंकी, मांसाचा एखादा कण. त्यावरून तो माणूस कोण हे प्रयोगशाळेत कळते. मात्र असा पुरावा उकाड्यात नासतो, आणि नासला की मुका होतो. कुलूपमामा तो एका डब्यात बर्फ भरून ठेवत आणि बर्फ वितळेल या धास्तीने सुट्टीच्या दिवशीही चक्कर मारत. मला जिन्याखाली पाहून ते थबकले.

"हा मला द्या," ते म्हणाले.

"मामा, तो चालतो का तरी?" कॅन्टीनवाल्याने विचारले.

"नाही चालला तर चालवतो."

आणि त्यांनी मला चालवले. इतरांना निवृत्तीनंतर आराम मिळतो, मला निवृत्तीनंतर खरी नोकरी लागली. माझ्या दाराचे रबर सैल झाले होते. मामांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिचा पट्टा केला आणि दार आवळून बांधले. दिसायला मी पोटाला फडके बांधलेल्या पेशंटासारखा दिसे, पण थंडी टिकत होती. बर्फाच्या खणात मात्र जाड थर साचायचा. माझी पाठ भिंतीपासून हातभर लांब ठेवली होती. ती भिंत पातळ होती. तिच्या पलीकडे हा व्हरांडा आणि लोकांना बसायला एक लाकडी बाक. बाकावर टेकून बसणाऱ्याला माझी घरघर पाठीत जाणवे.

"मामा, आत मांजर पाळलंय काय?" लोक विचारत.

"पाळलंय, आणि दूध तुम्ही घालायचं," मामा म्हणत.

यातली थट्टा सोडली तर मामांना काळजी होती. माझ्यासारख्या म्हाताऱ्या घरगुती फ्रिजवर असली जोखीम टाकू नये, हे त्यांना कळत होते. वीज गेली तर मागे जनरेटर नव्हता. मी बिघडलो तर ओरडून सांगणारी घंटा नव्हती. पुराव्यासाठी वेगळी शीतखोली बांधावी म्हणून ते दर वर्षी वर मागणी पाठवत. वर पैसे मंजूर करणारी समिती होती आणि तिच्या प्रमुख बाईंना सगळे 'कात्री मॅडम' म्हणत. कोणतीही मागणी त्यांच्या टेबलावरून अख्खी परत येत नसे. शीतखोली तर दर वेळी मुळापासूनच छाटली जाई.

अशात माझ्याकडे ती कुपी आली.

एका औषधाच्या दुकानात चोर शिरला होता. त्याने मालकाला मारले, गल्ला लुटला आणि पळाला. पळताना काचेचे कपाट फुटले आणि त्याचा हात कापला. दुकानात औषधे पोचवायचे काम करणारा एक तरुण मुलगा पिशवी परत करायला आला, तर मालक खाली पडलेले. त्याने त्यांना उचलून धरले, कपडे रक्ताने भरले, आणि त्याच अवस्थेत तो पकडला गेला. मालक वाचले, पण मार डोक्याला लागला होता. त्या संध्याकाळचे त्यांना काहीच आठवेना. आता फुटक्या काचेवरचे रक्त कोणाचे, यावर सगळे येऊन ठेपले. ते मालकाचे नाही आणि मुलाचेही नाही असे ठरले, तर मुलगा सुटणार होता.

काचेवरचे ते रक्त कापसाच्या बोळ्याने टिपून घेतले होते. पण टिपणाऱ्याने घाई केली. बोळा वाळू न देता ओलाच कुपीत घातला आणि वर सील ठोकले. ओला बोळा बंद कुपीत उबेला राहिला की त्याला बुरशी धरते. सील तोडून तो वाळवायचा, तर तो अधिकार फक्त प्रयोगशाळेचा, आणि प्रयोगशाळेची रांग लांबलचक. म्हणजे नंबर लागेपर्यंत त्या बोळ्याला जगवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे थंडी. मामांनी ती कुपी माझ्या बर्फाच्या खणात अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवली. हळूहळू तिच्याभोवती बर्फ चढला.

त्या मुलाची आई कपडे शिवायची. घरात ती दोघेच. तुरुंगात मुलाला भेटून झाले की ती थेट इकडे येई, बाकावर बसे, पिशवीतून सदरे काढून त्यांना काजे करत राही. मामा दिसले की एकच प्रश्न विचारी.

"मामा, चालू आहे ना?"

"चालू आहे, ताई."

लोकांना हसू येई. लेकाची चौकशी करायची सोडून ही बाई फ्रिजची करते! पण तिच्या वकिलाने तिला स्पष्टच सांगितले होते, "ताई, तुमचा मुलगा तुरुंगात नाही. तो त्या फ्रिजमध्ये आहे." तेव्हापासून ती भिंतीला पाठ लावून बसायची. माझा कॉम्प्रेसर सुरू झाला की तिची सुई चालायची आणि तो थोडा वेळ विसावला की सुई थांबायची. मी पुन्हा घरघरलो की ती सुस्कारा टाकायची. इतक्या वर्षांत माझा आवाज कुणाला आवडला असेल, तर तो तिलाच.

त्याच खणाखालच्या कप्प्यात आणखी एक पाकीट होते. बसथांब्यावर एक म्हातारा मरून पडलेला सापडला होता. खिशात काही नाही, ओळखीचे कोणी नाही. वाट पाहून शेवटी त्याला अग्नी दिला आणि त्याच्या शरीराचा एक छोटा नमुना माझ्याकडे दिला. कधी त्याचे माणूस शोधत आले, तर ओळख पटावी म्हणून. त्या पाकिटासाठी बाकावर कोणी बसत नसे.

एके दिवशी निरोप आला की कात्री मॅडम स्वतः पाहणीला येणार आहेत. मामांना वाटले, आता आपले काम होणार. माझी अवस्था बघितली की कोणीही पैसे देईल. पण मित्रांनो, आमच्या मुख्यालयाची एक सवय होती. कोणी वरून येणार म्हटले की पहिल्यांदा रंगाचे डबे निघत. मोठ्या साहेबांनी खोली पाहिली आणि हुकूम सोडला. भिंती रंगल्या. माझा सायकलच्या ट्यूबचा पट्टा काढून टाकला आणि सैल रबर डिंकासारख्या कशाने तरी चिकटवले. मला फिकट निळा रंग दिला. पुढचा, डोळ्यांना दिसणारा बर्फ खरवडून काढला. मागच्या कोपऱ्यात कोण वाकून बघणार, म्हणून तिथला तसाच ठेवला. मग मला ढकलत नेऊन भिंतीला चिकटवले आणि दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या.

"साहेब, त्याच्या पाठीला हवा लागते," मामा म्हणाले.

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मामा. खोली कशी ऐसपैस दिसायला हवी."

"पण आपली सोय अपुरी आहे, हेच दाखवायचंय ना?"

"मामा, अहो, घाण दाखवून कोणी पैसे दिलेत का आजवर? जे आहे ते नीट सांभाळतो, हे दिसलं तरच देतात."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना खरोखर तसे वाटत होते. आणि खरे सांगू? मलाही आतून गुदगुल्या होत होत्या. कारखाना सोडल्यापासून मला कोणी रंग लावला नव्हता.

कात्री मॅडम आल्या. त्यांनी माझे दार उघडले. आत गार होते, स्वच्छ होते, दिवा लागला.

"अरे वा! मी तर काहीतरी भयंकर असेल असं समजून आले होते. माझ्या घरचा याच्यापेक्षा जुना आहे."

"मॅडम, हा दिसतो तसा नाही," मामा चाचरत म्हणाले, पण साहेबांनी डोळे वटारले आणि मामा गप्प झाले.

"शीतखोली चांगली कल्पना आहे," बाई म्हणाल्या. "पण यंदा थांबता येईल. ज्यांचं अगदीच अडलंय त्यांना आधी देऊ."

बाई गेल्या आणि मंजुरीही गेली. मामा माझ्यासमोर कितीतरी वेळ उभे होते. फळ्या काढायला सुतार परवा येणार होता. मला एकट्याने ओढण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण खिळे पक्के होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. त्यांनी कुलूप लावले, त्यावर लाखेचे सील उमटवले, कुलूप ओढून पाहिले, परत येऊन ओढून पाहिले आणि ते गेले.

दुसरा दिवस तापत गेला. माझ्या पाठीच्या जाळीतून निघालेल्या उष्णतेला जायला वाट नव्हती. ती तिथेच कोंडली आणि उलट माझ्याच अंगात शिरू लागली. कॉम्प्रेसर धापा टाकू लागला. तापला की तो आपोआप बंद पडे, जरा निवला की पुन्हा उठे, दोन घटका धडपडे आणि पुन्हा आडवा होई. रबराचा डिंक पाघळला. पट्टा नसलेले दार हळूच बोटभर उघडले आणि खोलीतली गरम हवा आत आली. कॉम्प्रेसर एकदा उठायला गेला, खट्ट असा आवाज झाला, आणि तो उठला नाही.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मला तोंड नाही, माझ्याकडे होती फक्त घरघर, आणि तीच गेली होती. बर्फाच्या खणातून पाण्याचा पहिला थेंब खालच्या कप्प्यावर पडला. मग दुसरा पडला. मला मागच्या कोपऱ्यातली कुपी जाणवत होती, तिच्याभोवतीचा बर्फ जाणवत होता, आणि तो कडेने सैल होत चालला होता. मला भयंकर भीती वाटली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बाक करकरले. ती आली होती.

पिशवी उघडल्याचा आवाज आला. सुईत दोरा ओवला गेला असेल. मग काहीच नाही. ती वाट पाहत होती. मी थोडा वेळ थांबतो हे तिला माहीत होते, पण इतका वेळ मी कधी थांबत नसे. तिने भिंतीवर हात ठेवला, तो मला जाणवला. मग ती उठली आणि ड्युटीवरच्या फौजदारांकडे गेली. व्हरांडा लांब असला तरी बोलणे ऐकू येत होते.

"साहेब, तो बंद पडलाय. आवाज येत नाही."

"कोण, फ्रिज? अहो, काल त्याला नीटनेटका केलाय. रंगबिंग दिलाय. आधी बिघडला होता म्हणून घरघरायचा, आता बरा झालाय."

"मेलेल्या माणसाचाही आवाज येत नसतो, साहेब. तेवढं दार उघडून बघा."

फौजदारांनी खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "ताई, किल्ली मामांकडे. दुसरी मोठ्या साहेबांच्या तिजोरीत, आणि साहेब त्या मॅडमसोबत लांबच्या चौक्यांवर गेलेत. फोन लागत नाही त्यांचा."

"मग कुलूप तोडा."

"तोडतो. मग उद्या कोर्टात समोरचा वकील विचारेल, सील कोणी तोडलं? आत कोणी हात घातला? आईच्या सांगण्यावरून? तुमच्या पोराचा पुरावा बर्फासारखा गार असेल, पण त्याला कोणी हात लावणार नाही."

ते खरे होते. दार बंद राहिले तर बोळा नासणार होता, आणि दार चुकीच्या हाताने उघडले तर तो बाद होणार होता. तिने एकदा भिंतीकडे पाहिले असावे, कारण तिचा पुढचा प्रश्न अगदी हळू आला.

"मामांनी उघडलं तर चालेल?"

"मामांनी, दोन पंचांसमोर उघडलं, तर कोणाचा बाप बोट दाखवू शकत नाही. पण मामा दवाखान्यात आहेत, फोन बंद आहे. आणि दवाखाना कोणता, देव जाणे."

"मला माहितीय," ती म्हणाली. मामा बाकाजवळ उभे राहून बायकोच्या डोळ्यांविषयी तिच्याशी किती वेळा बोलले होते! तिच्या चपलांचा आवाज धावत गेला. सदरे बाकावरच राहिले.

आता माझ्या आत पाण्याची धार लागली होती. खालच्या कप्प्यातले म्हाताऱ्याचे पाकीट भिजू लागले. शाई पसरली. मी त्याला सरकवू शकत नव्हतो, झाकू शकत नव्हतो. बर्फाची एक खापरी सुटून खाली आपटली आणि मला वाटले, संपले, पण ती पुढची होती. मागच्या कोपऱ्यातला बर्फ अजून धरून होता. किती वेळ धरेल ते मला सांगता येत नव्हते.

फौजदारही स्वस्थ बसले नव्हते. ते बाकापाशी आले आणि त्यांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ लावला. मग त्यांच्या बुटांचा आवाज घाईघाईने बाहेर गेला. परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर समोरचा सायकल दुरुस्त करणारा आणि शेजारच्या फोटो स्टुडिओतल्या बाई होत्या. "इथेच बसायचं," फौजदार म्हणाले, "मामा आले की एक क्षण वाया जाता कामा नये." सायकलवाला म्हणाला, "साहेब, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय." "खोळंबू दे. तुझं गिऱ्हाईक पंक्चर आहे, इथे माणूस अडकलाय."

आणि मग धावती पावले ऐकू आली. एक चपलांची, एक बुटांची. मामा इतके धापा टाकत होते की त्यांना कुलपात किल्ली घालता येईना. तरी त्यांनी आधी पंचांना सील दाखवले, ते अखंड असल्याचे त्यांच्याकडून म्हणवून घेतले, आणि मगच लाख फोडली. ती आई त्यांच्या मागोमाग आत येऊ लागली.

"ताई, थांबा!" मामा ओरडले. "तुमचं पाऊल आत पडलं तर ते पोराच्याच अंगावर येईल."

ती उंबऱ्याबाहेर थांबली. दोन्ही हातांनी तिने चौकट धरली. तिथून तिला माझी फक्त निळी कड दिसत असेल.

मामांनी माझे अर्धवट उघडे दार ओढले आणि पाणी त्यांच्या बुटांवर सांडले. भिजलेले पाकीट त्यांनी पाहिले, त्याच्याकडे पुन्हा पाहिले, आणि हात सरळ बर्फाच्या खणात घातला. मागच्या कोपऱ्यापर्यंत. मला त्यांची बोटे जाणवली.

"मामा," दारातून आवाज आला. "मामा, बोला ना काहीतरी."

"निघत नाहीये," मामा म्हणाले. "ताई, कुपी निघतच नाहीये! अजून बर्फात घट्ट आहे!"

ती चौकट धरूनच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. फोटो स्टुडिओतल्या बाई पंच होत्या, त्यांना जागचे हलायची परवानगी नव्हती, म्हणून त्या उभ्या उभ्याच डोळे पुसत होत्या.

मग त्या काचेच्या दाराच्या फ्रिजचे भाग्य उजळले. फौजदारांनी कॅन्टीनमधल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढायला लावल्या. कुपी बर्फाच्या ढेकळासकट त्यात ठेवली, त्याच्या दाराला लाखेचे सील लागले आणि शेजारी एक शिपाई खुर्ची टाकून बसला. पुढे कितीतरी दिवस सगळे मुख्यालय कोमट पाणी पीत होते आणि कोणी कुरकुर केली नाही. मोठे साहेब परतले तेव्हा मामांनी त्यांना सगळे सांगितले. साहेब माझ्या फळ्या स्वतः ओढून काढायला लागले. त्यांच्या हातात खिळा घुसला, तरी थांबले नाहीत. मग त्यांनी ती कुपी खास माणसाबरोबर प्रयोगशाळेत पाठवली.

बोळ्याला बुरशी धरली नव्हती. रक्त तिसऱ्याच माणसाचे निघाले, आणि तो माणूस दुसऱ्या एका चोरीत आधीच पकडलेला होता. मुलगा घरी आला. आईने आणि त्याने मिळून मामांना एक सदरा शिवून दिला. मापात तो थोडा सैल झाला, पण मामा तो अजून घालतात.

म्हाताऱ्याच्या पाकिटातला नमुना मात्र नासला.

कात्री मॅडमना पुन्हा बोलावले गेले. या वेळी साहेबांनीच सांगितले, "काही झाकू नका." माझ्या निळ्या रंगाचे पापुद्रे निघाले होते, दार लोंबत होते, आत ओल होती. मॅडम नाकाला रुमाल लावून उभ्या राहिल्या. मामांनी त्यांच्यासमोर ते पाकीट धरले आणि ते कशाचे होते ते सांगितले.

"आणि याचं कोणी आलं तर?" मॅडमनी विचारले.

"तर त्याला काय सांगायचं, ते तुम्हीच सांगा मॅडम. मला सुचत नाही."

मॅडमनी पाकिटावरची पसरलेली शाई पाहिली. मग साहेबांकडे वळल्या. "मला हे त्या दिवशी का दाखवलं नाही?"

साहेब मान खाली घालून म्हणाले, "पाहुण्यांपुढे घाण काढायची सवय नाही, मॅडम."

"मी पाहुणी म्हणून आले नव्हते," त्या म्हणाल्या.

शीतखोली झाली. मागे जनरेटर आहे, आणि थंडी जराशी जरी उतरली तरी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी घंटा आहे. माझे काळीज पुन्हा चालू होणारे नव्हते. मामांनी मला भंगारात जाऊ दिले नाही. बाकाच्या शेजारी आणून ठेवले. सायकलच्या ट्यूबचा पट्टा त्यांनी पुन्हा माझ्या पोटावर बांधला आहे, तसे त्याचे आता काही काम नाही.

ती आई अजूनही येते. लेक कामावर गेला की पिशवी घेऊन येते आणि काजे करत बसते. पहिल्यांदा आली तेव्हा फौजदार म्हणाले, "ताई, आता कशाला? सुटला ना तुमचा?" ती म्हणाली, "आत दुसऱ्यांची पोरं असतील ना." मामा दिसले की ती विचारते, "चालू आहे ना?" पूर्वी मामा चालता चालता उत्तर देत. आता ते शीतखोलीत जातात, पाहतात आणि मग बाहेर येऊन सांगतात.

परवा एक माणूस आला. लांबून आला असावा, बूट धुळीने भरले होते. त्याच्या हातात एका म्हाताऱ्याचा फोटो होता. वडील घरातून निघून गेले, तेव्हापासून गावोगाव शोधतोय, म्हणाला. मामांनी फोटो पाहिला. मग त्यांनी टोपी काढली आणि ते त्याच्याशेजारी बाकावर बसले.

"सापडले होते बहुतेक," मामा म्हणाले. "पण तेच होते का, हे आता मला सांगता येत नाही. ते सांगणारी वस्तू आमच्याकडे होती. आम्ही ती सांभाळली नाही."

त्या माणसाला पहिल्यांदा काही कळलेच नाही. मग कळले. मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आईने हातातला सदरा बाजूला ठेवला आणि ती सरकून त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिघे तसेच बसून राहिले.

मित्रांनो, मी स्वतःसाठी काही मागत नाही. मला रंग नको, कौतुक नको, छत्री आहे ती पुरे. पण उद्या तुमच्यापैकी कोणी साहेब होईल, कोणी पैसे मंजूर करणारी बाई होईल, कोणी मामांसारखे किल्ली सांभाळेल. तुमच्याकडे असे एखादे यंत्र असेल, कुठल्या तरी भिंतीआड घरघरणारे. ते नवे दिसते की जुने, हे बघू नका. त्याचे दार उघडा, आत कोणाचे काय ठेवले आहे ते विचारा, आणि ते बाकावर कोणी बसलेले नसतानाही विचारा.